सेक्रेटरीच्या घरात ड्रिल

मुलुंड पूर्वेच्या मंदारछाया सोसायटीत कुणी भिंतीला साधा खिळा ठोकत नाही. तसा काही नियम नाही. पण बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहणार हे एकदा ठरलं, आणि तेव्हापासून खिळा ठोकणारा माणूस वेड्यात निघतो. हे ठरलं तेव्हा तळमजल्यावरच्या प्रेमाकाकूंची नात बालवाडीत होती. आता ती कॉलेजला उशीर होतो म्हणून रोज सकाळी काकूंशी भांडते. मधल्या काळात एक बिल्डर आला, त्याने घरोघरी मिठाई वाटली आणि तो गेला. दुसरा आला, त्याने गेटवर टॉवरचं चित्र लावलं. चित्रात एक स्विमिंग पूल होता आणि त्यात एक परदेशी बाई पोहत होती. उन्हापावसाने बाईचा चेहरा उडाला, पूल राहिला. आता तिसरा बिल्डर येऊ घातला होता आणि या वेळी नक्की होतं. तसं ते प्रत्येक वेळी नक्कीच असतं.

सोसायटीचा सेक्रेटरी देवदत्त, दुसरा मजला. विमा कंपनीत क्लेमच्या खात्यात अख्खी नोकरी केलेला माणूस. कुठलीही गोष्ट ‘प्रक्रियेत आहे’ असं सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. या एका गुणावर तो बिनविरोध निवडून आला. बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी उभं राहिलं नाही. आल्या आल्या त्याने बोर्डावर नोटीस लावली, की पुनर्विकास लक्षात घेता सभासदांनी घरात कुठलंही मोठं काम काढू नये. मेंटेनन्स वेळेवर न भरणारे लोकही ही नोटीस पाळतात, कारण ती पाळायला काही करावं लागत नाही.

देवदत्तच्या घरातला पहिला प्लग गेला तो आतल्या खोलीतला. वरच्या मजल्यावरच्या चैतन्यच्या बाथरूमचं पाणी भिंतीत उतरत होतं. चैतन्यने बाथरूम दुरुस्त केलं नाही, कारण बिल्डिंग पडणार होती. देवदत्तने वायरिंग बदललं नाही, कारण बिल्डिंग पडणार होती. पाण्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

प्लग गेला म्हणजे आवाज-धूर असलं काही झालं नाही. ती खोली देवदत्तच्या वडिलांची, अप्पांची. एका सकाळी त्यांनी रेडिओ लावला, तो लागला नाही, तेव्हा ते रेडिओ काखेत घेऊन हॉलमध्ये येऊन बसले, एवढंच. मग त्याच खोलीतला दुसरा प्लग गेला. मग पॅसेजमधला. दिवे-पंखे चालू होते, त्यांची लाइन वेगळी. त्यामुळे कुणाला फार काही गेल्यासारखं वाटलं नाही. घर हळूहळू जिवंत प्लगांच्या बाजूला सरकत गेलं. इस्त्री ओट्यावर आली. मिक्सर लावायचा तर वॉशिंग मशीन थांबवायचं. पॅसेजमधल्या मेलेल्या प्लगच्या भोकात देवदत्तची बायको इरावती उदबत्ती खोचू लागली. पाहुणे चार्जर हातात घेऊन भिंती शोधत फिरायचे. देवदत्त सांगायचा, “इथे नाही, इथेही नाही. आता नवीन घरात.” पाहुणे समजूतदारपणे मान हलवायचे. त्यांच्याही बिल्डिंगी पडायच्या होत्या.

गेल्या दिवाळीनंतर अप्पा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ते घरी आले ते हवेच्या गादीसकट. पडून राहणाऱ्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ही गादी. तिला एक छोटा पंप असतो, तो नळ्यांत आलटून पालटून हवा भरत राहतो आणि त्याला चोवीस तास वीज लागते.

सुरुवातीला अप्पांना त्यांच्याच खोलीत ठेवलं, हॉलमधून एक्स्टेन्शन ओढून. एक दिवस केर काढताना झाडूने पिन सैल झाली. पंप बंद पडला, गादीतली हवा गेली आणि अप्पा दुपारभर पलंगाच्या पत्र्यावर पडून राहिले. हाक मारली नाही. संध्याकाळी इरावतीच्या लक्षात आलं.

“अप्पा, सांगायचं नाही का हो?”

“मला वाटलं, असंच असतं,” अप्पा म्हणाले.

पाठीला जखम झाली. ड्रेसिंगला येणारी नर्स शकु म्हणाली, “ते वायरीचं लफडं बंद करा. पंप डायरेक्ट भिंतीतल्या प्लगला लावा, नाहीतर ही जखम कधी भरायची नाही.” आत जिवंत प्लग नव्हता. हॉलमध्ये एक होता. पलंग हॉलमध्ये आला.

आणि मग अप्पांचं सगळं हॉलमध्ये होऊ लागलं. सगळं म्हणजे सगळं. कुरिअरवाला दारात उभा असताना, इरावतीची मैत्रीण सोफ्यावर बसलेली असताना. इरावतीने चादरीचा पडदा करायचं ठरवलं. दोरीचं एक टोक खिडकीच्या ग्रिलला बांधलं. दुसऱ्या टोकाला खिळा लागला असता. चादर घडी करून ठेवून दिली.

अप्पा हायकोर्टात स्टेनो होते. दुसरे बोलायचे, ते उतरवून घ्यायचे. घरातही ते मोजकंच बोलायचे आणि एकदा बोललेलं पुन्हा बोलायचे नाहीत. पण हॉलमध्ये आल्यापासून रोज सकाळच्या चहाला ते एक वाक्य बोलत.

“देवू, माझ्या खोलीत कधी नेतोस?”

“बघतो, अप्पा.”

“हं.”

देवदत्त खरोखरच बघत होता. त्याने वायरमनला बोलावलं. सिद्धेश भांडुपहून आला, चप्पल बाहेर काढून. आतल्या खोलीतल्या दोन्ही प्लगांत त्याने टेस्टर घालून पाहिला, बोर्ड उघडला, आतली वायर बोटाने ओढली तर तिचं आवरण चुरा होऊन हातात आलं.

“यात काय राहिलं नाही काका. पाइपातच पाणी आहे. यातनं नवीन वायर जाणारच नाही.”

“मग?”

“मग मेन बोर्डापासून वरनं वायरीची पट्टी मारत यायचं. हॉल, पॅसेज, खोली. मधल्या भिंतींना भोकं पाडायची. एका दिवसाचं काम.”

“ड्रिल लागेल?”

“भिंतीला भोक पाडायचं तर लागेल ना.”

“आवाज होईल.”

“ड्रिलचा आवाज होतो काका.”

“हळू नाही का करता येत?”

सिद्धेशने विचार केला. “हळू केलं तर आवाज जास्त वेळ होईल.”

देवदत्तने हॉलच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, “तुला माहितीच आहे, आमची बिल्डिंग—”

“पडणार आहे. आमची चाळपण पडणार आहे.” सिद्धेश टेस्टर खिशात अडकवत म्हणाला. “माझ्या घरात होल्डर वायरीला लोंबकळतायत. बायको बोलते, जगाच्या घरी पट्ट्या मारत फिरतोस. मी बोलतो, थांब जरा, नवीन घरात एकदम भिंतीच्या आतनं, कन्सिल्ड करू.”

दोघं थोडा वेळ उघड्या बोर्डाकडे बघत उभे राहिले. मग सिद्धेशने तो परत बंद केला, चारही स्क्रू नीट पिळून.

तो गेल्यावर इरावतीने विचारलं, “काय म्हणाला?”

“एका दिवसाचं काम आहे.”

“मग कधी येतोय?”

“आवाज होईल गं.”

“होऊ दे ना.”

“इरा, सेक्रेटरीच्या घरात ड्रिल चालू झालं की खालपासून वरपर्यंत एकच अर्थ लावतील. बिल्डर पळाला. चार जणं आधीच डळमळतायत. त्या प्रेमाकाकूंना मी स्वयंपाकघराचा बोर्ड बदलू दिला नाही, आणि माझ्याच घरात काम? रविवारची सभा होऊ दे.”

“आणि सभेनंतर?”

“मग करार.”

“आणि करार होईपर्यंत?”

“तोपर्यंत ड्रिल नको.”

“अप्पा ऐंशीच्या वर आहेत,” इरावती म्हणाली, आणि मेथी निवडायला बसली. अप्पा तिथेच, दोन हातांच्या अंतरावर पडलेले होते. हॉलमध्ये बोललेलं त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते घरातल्या सगळ्यांच्या लक्षात होतं आणि त्याला आता इलाज नव्हता.

रविवारी सकाळी सभा देवदत्तच्या हॉलमध्येच भरली. सोसायटीच्या ऑफिसात जुन्या टाकीचं भंगार ठेवलंय आणि गच्चीवर सावली नाही. लोक आले, सोफ्यावर बसले, खुर्च्या आणल्या, उरलेले भिंतीला टेकले. प्रत्येकाने येताना पलंगाकडे वाकून “काय अप्पा, कसं काय” विचारलं आणि उत्तराआधी जागा पकडली. प्रेमाकाकू तेवढ्या पलंगाच्या कडेला टेकल्या. त्यांचे यजमान मिलमध्ये होते, मिल गेली, मग यजमानही गेले. अप्पांचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, “बरे आसात मां?” अप्पांनी मान हलवली.

चैतन्य पवईच्या एका कंपनीत कामाला आहे आणि त्याला स्लाइड दाखवल्याशिवाय बोलता येत नाही. त्याने ऑफिसातून प्रोजेक्टर आणला होता. तो मोकळी भिंत शोधू लागला. मोकळी भिंत एकच होती, अप्पांच्या पलंगावरची. मग तो प्लग शोधू लागला.

“देवदत्तकाका, पॉइंट कुठे आहे?”

देवदत्तने पॉइंट दाखवला. त्यात पंपाची पिन होती.

“दुसरा?”

“दुसरा स्वयंपाकघरात. तिथे फ्रिज आहे.”

“मग हा काढू का जरा? दहा-पंधरा मिनिटं. का काही प्रॉब्लेम आहे?”

सगळे देवदत्तकडे बघत होते. डळमळणारे चारही जण आले होते, हे त्याने आधीच पाहून ठेवलं होतं. त्याने अप्पांकडे पाहिलं नाही.

“काढ,” तो म्हणाला. मग चैतन्यला पलंगामागे वाकता येईना म्हणून त्याने स्वतःच पिन काढली.

भिंतीवर टॉवर उमटला. एकेका स्लाइडला तो वाढत गेला. तळघरात पार्किंग, वर जिम, त्याच्यावर लहान मुलांसाठी झोपाळे, ज्येष्ठ नागरिकांसाठी एक कोपरा. कोपऱ्यात दोन पांढऱ्या केसांची माणसं बाकावर बसून हसत होती. त्यांच्या खाली अप्पा उताणे पडले होते आणि गादी खाली खाली चालली होती. टॉवरचा खालचा मजला त्यांच्या चादरीवर पडला होता. कार्पेट एरिया किती, त्यात बाल्कनी धरली आहे का, यावर बोलणं बरंच रंगलं. दहा-पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली होती.

“देवू,” अप्पा म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. चैतन्य भाड्याबद्दल सांगत होता.

“देवू. भांडं.”

हे मात्र सगळ्यांनी ऐकलं. हॉलमध्ये एकदम शांतता झाली आणि मग सगळे अतिशय सभ्यपणे वागले. भिंतीला टेकलेल्यांनी तोंडं खिडकीकडे फिरवली. सोफ्यावरचे मोबाइल बघू लागले. प्रेमाकाकू उठून दाराशी गेल्या. इरावती स्वयंपाकघरातून आली, चादर धरून उभी राहिली, देवदत्तने भांडं दिलं. प्रोजेक्टर बंद करायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे चादरीवर जिम होती. वेळ जाईना, तेव्हा कोपऱ्यातून एकाने हळूच विचारलं, “पण बाल्कनी धरलीय की नाही?”

“धरलीय,” चैतन्य खिडकीकडे बघत म्हणाला.

काम झाल्यावर अप्पांनी अंगावरच्या चादरीचं टोक धरलं आणि ते तोंडावर ओढून घेतलं. सभा संपेपर्यंत ते तसेच होते. सभा चांगली झाली. डळमळणाऱ्यांपैकी तिघांनी हो म्हटलं. बिल्डरची माणसं बुधवारी येऊन बिल्डिंग बघून जातील असं ठरलं. सगळे गेल्यावर देवदत्तने पंपाची पिन परत लावली. गादी भरायला बराच वेळ लागतो. तो तिथेच बसून राहिला. चादरीखालून अप्पांचा श्वास कळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरावतीने चहा दिला. देवदत्तने अप्पांना उशीने टेकवून बसतं केलं, बशी धरली. अप्पांनी चहा प्यायला. देवदत्त ‘बघतो’ म्हणायच्या तयारीत होता. अप्पांनी कप परत दिला आणि डोळे मिटले.

मंगळवारी सकाळी तेच. चहा, कप, डोळे.

देवदत्तने कप विसळला, पालथा घातला आणि सिद्धेशला फोन लावला.

“आज येतोस का?”

“आज? ड्रिल घेऊन?”

“ड्रिल घेऊन.”

सिद्धेश दहाच्या सुमाराला आला. त्याने मेन बोर्डाजवळ स्टूल लावलं, भिंतीवर पेन्सिलने रेष मारत पॅसेजपर्यंत गेला आणि ड्रिल सुरू केलं. जुन्या बिल्डिंगीत आवाज भिंतींतून चालत जातो. पहिलं भोक पूर्ण व्हायच्या आत बेल वाजली.

दारात प्रेमाकाकू. हाताला पीठ तसंच. त्यांनी स्टूल पाहिलं, सिद्धेश पाहिला, भिंतीखाली सांडलेला लाल चुरा पाहिला.

“देवदत्ता, काय रे हे?”

“प्लग बसवतोय, काकू.”

“खरां काय ता सांग. बिल्डर गेलो?”

“नाही.”

“मग येतलो?”

‘प्रक्रियेत आहे’ हे शब्द देवदत्तच्या तोंडाशी आले होते. त्याने हॉलमध्ये पाहिलं. अप्पा छताकडे बघत होते.

“मला माहीत नाही, काकू,” तो म्हणाला.

सेक्रेटरी झाल्यापासून हे तो पहिल्यांदाच म्हणत होता. प्रेमाकाकूंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. मग त्या त्याच्या खांद्यावरून सिद्धेशला म्हणाल्या, “झिला, इथलं झालं की खाली ये. तळमजला. मिक्सर लावला की बोर्डातून ठिणग्या येतात. मी रबरी चपला घालून चटणी वाटते.”

“येतो आई.”

त्यांच्या मागोमाग चैतन्य उतरला. घरून काम करायचा दिवस असावा, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली हाफ पँट.

“काका, हे आज? उद्या बिल्डरची माणसं येणारायत.”

“माहितीये.”

“अहो तुम्हीच नोटीस लावलीय.”

“हो.”

“ग्रुपवर कुणीतरी आवाज रेकॉर्ड करून टाकलाय. नुसता ड्रिलचा आवाज. त्याच्याखाली सगळ्यांचे अंगठे.” चैतन्यने फोन पुढे केला. देवदत्तने बघितलं नाही. “मी काय सांगू लोकांना? पडणाऱ्या बिल्डिंगीत सेक्रेटरी प्लग कशाला बसवतोय?”

“अप्पांना लागतो.”

“तो आहे ना हॉलमध्ये.”

सिद्धेशने ड्रिल सुरू केलं आणि चैतन्यला पुढचं बोलणं आवाज थांबेपर्यंत तोंडात धरून उभं राहावं लागलं. त्यातच त्याला फोन आला, तो जिन्यात जाऊन बोलून आला.

“बिल्डरच्या ऑफिसातून होता,” तो म्हणाला. “त्यांच्याकडे पोचलंय. म्हणतात, सेक्रेटरीच घरात काम काढत असेल तर आम्ही जरा थांबतो. उद्या येत नाहीत.”

“बरं.”

“बरं काय काका. इतकी वर्षं.”

“हो ना,” देवदत्त म्हणाला. त्याला काहीतरी वाटायला हवं होतं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग सिद्धेशने पट्टीचं एक टोक धरायला सांगितलं, ते त्याने धरलं.

चैतन्य दारापर्यंत गेला आणि थांबला. “याच्या ओळखीत कुणी प्लंबर आहे का?” त्याने सिद्धेशकडे बोट करून विचारलं. “बाथरूमचं एकदा बघून घ्यायला हवं.”

दुपारी जेवणाच्या वेळेला पहिल्या मजल्यावरून हातोड्याचा आवाज येऊ लागला. कुणीतरी खिळा ठोकत होतं. मग दुसऱ्या बाजूच्या विंगमधून. इरावती पोळ्या लाटता लाटता थांबून ऐकत होती. “अख्खी बिल्डिंग दबा धरून बसली होती की काय,” ती म्हणाली.

पट्टी सुंदर वगैरे दिसत नव्हती. हॉलच्या भिंतीवरून ती निघाली होती, पॅसेजमध्ये एका जागी वाकडी झाली होती आणि आतल्या खोलीत अप्पांच्या खिडकीखाली येऊन संपली होती. तिथे नवा बोर्ड, त्यात नवा प्लग. सिद्धेशने टेस्टर लावला, तो लागला. त्याने आधी स्वतःचा मोबाइल लावून पाहिला आणि स्क्रीन देवदत्तला दाखवला.

पलंग नेताना तो पॅसेजच्या वळणावर अडकला. सिद्धेश, देवदत्त आणि पुन्हा खाली येऊन उगाच उभा राहिलेला चैतन्य, तिघांनी तो तिरका केला. अप्पांना तेवढ्यापुरतं खुर्चीत बसवलं होतं. आपला पलंग आडवा होताना ते बघत होते. मग त्यांना आत नेऊन गादीवर ठेवलं, पंप लावला. गादी भरू लागली तसे अप्पा हळूहळू वर आले.

सिद्धेश खाली गेला, चैतन्य वर. इरावतीने आत चहा आणून ठेवला. अप्पांनी खोलीवरून नजर फिरवली. भिंतीवर पाण्याचे डाग वाढले होते, कपाटावर घरातलं इतर सामान रचलेलं होतं.

“बरं वाटतंय ना, अप्पा?” देवदत्तने विचारलं.

“हं.”

“रेडिओ आणू?”

“नको.”

तो पायाशी उभा राहिला. रविवारचं काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात होतं. अप्पा त्यावर ‘असू दे’ म्हणाले असते, किंवा काहीच म्हणाले नसते. वरून बाथरूमची फरशी फोडल्याचा आवाज येऊ लागला, छताचा थोडा चुना चादरीवर पडला. देवदत्तने तो झटकला.

“अजून काही हवंय?”

अप्पांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“दार लाव,” ते म्हणाले.

“लोटून घेऊ?”

“नाही. लाव. आणि येताना वाजवून ये.”

देवदत्त बाहेर आला. दार ओलीने फुगलं होतं, कित्येक महिन्यांत कुणी लावलेलं नव्हतं, चौकटीत बसेना. त्याने हँडल धरून ओढलं, मग दुसऱ्यांदा ओढलं, आणि शेवटी दोन्ही हातांनी वर उचलून ते लावलं.